महानगरात माणसं कुठे राहतात आणि नोकऱ्या कुठे असतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहराच्या वाढीवर बोलणं निघालं की घरं, दर, गर्दी आणि रस्ते हे विषय लगेच येतात. नोकऱ्या नेमक्या कुठे आहेत, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते शहर कळायचं असेल तर दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवावे लागतात: माणसं रात्री कुठे झोपतात त्याचा एक, आणि दिवसा कुठे काम करतात त्याचा दुसरा. या दोहोंत जेवढी तफावत, तेवढा लाखो लोकांचा दिवस रोज प्रवासात जातो. पुढची उत्तरं त्या तफावतीबद्दल आहेत.

महानगर क्षेत्र म्हणजे महापालिकेची हद्दच ना?

नाही, आणि पहिली गल्लत इथेच होते. महापालिकेची हद्द कर, निवडणुका आणि कारभाराच्या सोयीसाठी आखलेली असते. कामाला निघालेली माणसं ती रोज सकाळी ओलांडतात. म्हणून अनेक देशांत महानगराचा विस्तार रोजच्या ये-जा वरून ठरवला जातो. अमेरिकेत एखाद्या काउंटीतल्या (आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग) नोकरदार रहिवाशांपैकी किमान 25 टक्के लोक मध्यवर्ती काउंट्यांमध्ये कामाला जात असतील, तर ती काउंटी त्या महानगरात धरतात. युरोपीय संघ आणि ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) यांच्या व्याख्येत हीच अट 15 टक्क्यांची आहे.

अट सैल केली की महानगर पसरतं आणि त्याची सरासरी घनता घसरते. शहर तेच, माणसं तीच, तरी आकडा बदलतो. त्यामुळे दोन शहरांच्या घनतेची तुलना वाचताना हद्द कोणती धरली आहे, हे आधी पाहावं.

लोकसंख्येचे आकडे सहज मिळतात. नोकऱ्यांचे का मिळत नाहीत?

कारण जनगणना माणसाला त्याच्या घरी मोजते. नोकरी मोजायची तर कामाच्या जागी जावं लागतं आणि तिथे अडचणी सुरू होतात. कंपनी आपले सगळे कर्मचारी मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर दाखवते, प्रत्यक्षात ते शहरभर विखुरलेले असतात. बांधकाम मजुराची जागा काही महिन्यांनी बदलते. चालकाला तर ठरावीक जागाच नसते. घरकाम करणाऱ्या बाया, फेरीवाले, घरी बसून शिवणकाम करणारे लोक आस्थापनांच्या यादीत येतच नाहीत.

याचा परिणाम ठरलेला आहे. नोकऱ्यांच्या नकाशावर काचेच्या इमारती ठळक दिसतात आणि असंघटित काम पुसट होतं. ज्या शहरात असंघटित रोजगार मोठा, तिथे असा नकाशा मध्यभागाचं महत्त्व आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो.

दिवसाच्या आणि रात्रीच्या लोकसंख्येत असा कितीसा फरक पडतो?

काही ठिकाणी विश्वास बसणार नाही इतका. लंडनचा जुना गाभा, ज्याला सिटी ऑफ लंडन म्हणतात, तो जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा आहे. 2021 च्या जनगणनेत तिथे साधारण 8,600 रहिवासी होते आणि तिथल्या नोकऱ्या पाच लाखांहून जास्त आहेत. टोकियोच्या चियोदा प्रभागात 2020 मध्ये सुमारे 66 हजार लोक राहत होते, दिवसा मात्र तिथली संख्या आठ लाखांच्या वर जाते.

पाणी, शौचालयं, दवाखाने, आग विझवण्याची व्यवस्था यांचं नियोजन निव्वळ रहिवाशांच्या आकड्यावर केलं, तर अशा भागात ते पूर्णपणे फसतं. उलट टोकाची उपनगरं दिवसा अर्धी रिकामी असतात आणि संध्याकाळी एकदम भरतात. तिथल्या सुविधा त्या दोन-तीन तासांच्या लोंढ्याला पुरतील अशा कराव्या लागतात.

घनता मध्यभागी सर्वांत जास्त असते. म्हणजे बहुतेक लोक मध्यभागीच राहतात, बरोबर?

नाही. हा मुद्दा एकदा आकड्यांत पाहिला की डोक्यात पक्का बसतो, म्हणून जरा सविस्तर मांडतो आहोत.

अर्थतज्ज्ञ कॉलिन क्लार्क यांनी 1951 मध्ये अनेक शहरांचे आकडे तपासून दाखवलं की केंद्रापासून दूर जावं तशी रहिवाशांची घनता दर किलोमीटरला साधारण ठरावीक टक्क्यांनी घटत जाते. एक काल्पनिक शहर घेऊ. केंद्रात दर चौरस किलोमीटरला 30,000 माणसं, आणि दर किलोमीटरला घट सुमारे साडेनऊ टक्के. मग 10 किलोमीटरवर घनता 11,000 च्या आसपास उरते आणि 20 किलोमीटरवर साधारण 4,000.

आता माणसं मोजू. केंद्रापासून 1 ते 2 किलोमीटरमधलं वलय घेतलं तर त्याचं क्षेत्रफळ साडेनऊ चौरस किलोमीटरही भरत नाही, आणि त्यात सुमारे 2.4 लाख लोक राहतात. 10 ते 11 किलोमीटरमधलं वलयही एकच किलोमीटर रुंद आहे, पण त्याचं क्षेत्रफळ 66 चौरस किलोमीटर होतं. घनता निम्म्याहून कमी असूनही तिथे जवळपास 6.9 लाख लोक राहतात. या शहराची एकूण लोकसंख्या 1 कोटी 88 लाखांच्या घरात जाते आणि तिच्यातले फक्त 26 टक्के लोक पहिल्या 10 किलोमीटरच्या आत असतात.

नोकऱ्यांची घट याहून वेगाने होते. ती दर किलोमीटरला 22 टक्के धरली, तर याच 10 किलोमीटरच्या आत 71 टक्के नोकऱ्या येतात. म्हणजे घरं एक-चतुर्थांश आणि नोकऱ्या जवळपास तीन-चतुर्थांश. सकाळची गर्दी कुठून कुठे जाते, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. खऱ्या शहरात नदी, डोंगर, लष्करी जमीन, जुनी गावं आडवी येतात आणि गणित इतकं गुळगुळीत राहत नाही. हिशोबाची दिशा मात्र सहसा हीच असते.

नोकऱ्या एका जागी गोळा का होतात? जागा तर तिथेच सर्वांत महाग असते.

महाग असूनही परवडते म्हणून. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये दिलेली तीन कारणं आजही टिकून आहेत. एका प्रकारचे धंदे जवळजवळ असले की कुशल माणसं सापडणं सोपं जातं आणि माणसालाही एक नोकरी सुटली तर घर न बदलता दुसरी मिळते. पुरवठादार, दुरुस्तीवाले, वकील, हिशोबनीस हाकेच्या अंतरावर येतात. आणि धंद्यातल्या गोष्टी बोलता बोलता इकडून तिकडे पोहोचतात. शहराचा आकार दुप्पट झाला की उत्पादकता साधारण 3 ते 8 टक्क्यांनी वाढते, असा अनेक अभ्यासांचा एकत्रित अंदाज आहे.

हे सगळ्या धंद्यांना सारखं लागू होत नाही. बँका, कायदा, जाहिरात, सरकारी कारभार हे केंद्राला चिकटून राहतात. गोदामं आणि मोठे कारखाने यांना पसरट, एकमजली जागा आणि मालमोटारींना वळण लागतं, म्हणून ते सर्वांत आधी बाहेर पडतात. शाळा, दवाखाने, किराणा दुकानं लोकवस्तीच्या मागोमाग जातात. ‘नोकऱ्या’ हा एकच शब्द वापरून धोरण आखलं, तर त्यातल्या अर्ध्या नोकऱ्यांना ते लागू पडत नाही.

मग लोक लांब का राहतात?

जवळची जागा महाग आणि लांबची स्वस्त, प्रवासाचा खर्च नेमका उलटा. प्रत्येक कुटुंब या दोहोंची बेरीज आपापल्या परीने मांडतं. नगररचनेचे अभ्यासक विल्यम अलोन्सो यांनी 1964 मध्ये हेच गणिती रूपात मांडलं. या मांडणीत एक गोष्ट दबून जाते: सगळ्यांना निवड सारखी नसते. ज्याच्या हातात पैसा आहे तो लांबचं मोठं घर आवडीने घेतो. ज्याच्या हातात नाही त्याला लांब जावं लागतं, किंवा मध्यभागी एका खोलीत सहा जणांनी राहावं लागतं. नकाशावर हे दोघे शेजारी दिसतील, पण त्यांचा प्रवास एकसारखा नसतो.

मध्यभागी दाट आणि कडेला विरळ, हा आकार सगळ्या शहरांत दिसतो का?

नाही. जिथे जमिनीला भाव नव्हता किंवा सत्तेने माणसांना मुद्दाम दूर बसवलं, तिथे चित्र उलटं झालं.

मॉस्को हे ठळक उदाहरण. सोव्हिएत काळात जमिनीचा बाजार नव्हता. शहराच्या आतल्या भागातल्या कारखान्यांवर जागा सोडण्याचं दडपण कधी आलंच नाही आणि नव्या बहुमजली वसाहती मोकळ्या कडेला उभ्या राहत गेल्या. नगररचनाकार आलँ बेर्तो यांनी 1990 च्या दशकात दाखवलं की तिथे केंद्रापासून दूर जाताना घनता वाढत जाते. ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया 1960 मध्ये सुरू झाली. आखलेल्या मूळ शहरात सरकारी नोकऱ्या एकवटल्या आणि बहुतांश लोकसंख्या लांबच्या उपग्रह वस्त्यांत गेली.

जोहान्सबर्गचं कारण सर्वांत क्रूर. वंशभेदी राजवटीने 1950 च्या कायद्याने कोणत्या वंशाने कुठे राहायचं हे ठरवून टाकलं आणि कृष्णवर्णीयांना सोवेटोसारख्या दूरच्या वस्त्यांत ढकललं. नोकऱ्या होत्या तिथेच राहिल्या. तो कायदा 1991 मध्ये रद्द झाला. पण घरं, रेल्वेमार्ग आणि रस्ते कायद्याबरोबर रद्द होत नाहीत. त्या अंतराची किंमत तिथले लोक आजही मोजतात.

मध्यभागाची लोकसंख्या घटली म्हणजे शहराला उतरती कळा लागली का?

तसं धरून चालू नये. मॅनहॅटनची लोकसंख्या 1910 मध्ये 23 लाखांच्या वर होती, 2020 मध्ये ती 17 लाखांच्या थोडी खाली होती. पॅरिसच्या मुख्य शहरात 1921 मध्ये सुमारे 29 लाख लोक होते, आज सुमारे 21 लाख आहेत. या शहरांना कुणी पडकी म्हणणार नाही. कुटुंबं लहान झाली, दर माणशी जागा वाढली, कोंदट चाळवजा इमारती गेल्या, आणि राहत्या घरांच्या जागी कार्यालयं आली.

अमेरिकेतल्या अनेक शहरांचं कारण मात्र वेगळं आहे. तिथे 1950 ते 1990 या काळात महानगरांची एकूण लोकसंख्या 72 टक्क्यांनी वाढली आणि त्यांच्या मध्यवर्ती शहरांची 17 टक्क्यांनी घटली. नेथॅनियल बॉम-स्नो यांच्या 2007 मधल्या अभ्यासानुसार मध्यवर्ती शहरातून जाणाऱ्या प्रत्येक नव्या महामार्गामुळे त्या शहराची लोकसंख्या सुमारे 18 टक्क्यांनी कमी झाली. रस्ता गर्दी हलकी करायला बांधला जातो आणि वस्तीच हलवून जातो. नवा रस्ता मंजूर करताना ही बाजू मांडणारं कुणीतरी बैठकीत असायलाच हवं.

‘बहुकेंद्री’ महानगर कशाला म्हणायचं?

ज्यात मुख्य केंद्राखेरीज नोकऱ्यांची आणखी मोठी ठिकाणं आहेत, ते. पण मोठं म्हणजे किती, हे आधी ठरवावं लागतं. जेनेव्हिव्ह जुलियानो आणि केनेथ स्मॉल यांनी 1991 मध्ये लॉस एंजेलिससाठी कसोटी ठेवली: दर एकरी किमान 10 नोकऱ्या असलेला सलग भाग आणि त्यात एकूण किमान 10,000 नोकऱ्या. दर एकरी 10 म्हणजे दर चौरस किलोमीटरला साधारण 2,500. या कसोटीने त्यांना 32 केंद्रं सापडली.

माझ्या दृष्टीने त्यातला मोलाचा भाग पुढेच आहे. ही सगळी केंद्रं मिळून एकूण नोकऱ्यांचा साधारण एक-तृतीयांश हिस्साच भरत होता. बाकीच्या नोकऱ्या कोणत्याच केंद्रात नव्हत्या, त्या शहरभर पातळ पसरल्या होत्या. आराखड्यांत मोठाली वर्तुळं काढून ‘विकास केंद्रं’ दाखवतात, तेव्हा वर्तुळांबाहेरच्या या नोकऱ्या कुणाच्या ध्यानात राहत नाहीत.

नोकऱ्या उपनगरात नेल्या की प्रवास कमी होईल ना?

कधी होतो, बऱ्याचदा होत नाही. स्टॉकहोमजवळ व्हेलिंगब्यु हे उपनगर 1954 मध्ये खुलं झालं. काम, घर आणि बाजारपेठ तिन्ही एकाच जागी, ही त्यामागची कल्पना. घरं आली, नोकऱ्याही आल्या. पण तिथे राहणारे बहुतेक नोकरदार बाहेर कामाला जात राहिले आणि तिथल्या नोकऱ्यांवर बाहेरून माणसं येत राहिली.

कारण अगदी घरगुती आहे. समजा पतीचं कार्यालय उपनगरात हलवलं आणि घर जवळ आलं. पण पत्नीची नोकरी मुख्य केंद्रात आहे आणि मुलीचं महाविद्यालय तिसऱ्याच टोकाला. घर एकच असतं, ते तिघांच्याही जवळ कसं असणार? शिवाय माणूस नोकरी बदलतो, घर तितक्या सहज बदलत नाही. केंद्रात भरलेल्या नोकऱ्यांकडे निदान सगळ्या रेल्वे आणि बसमार्गांची तोंडं असतात. विखुरलेल्या नोकऱ्यांसाठी उपनगरातून उपनगरात जावं लागतं, आणि त्या आडव्या मार्गावर सार्वजनिक वाहतूक सहसा कच्चीच असते. मग खासगी वाहन आलंच.

म्हणून नुसतं हलवण्याला माझा विरोध आहे. आधी आडवा मार्ग, मग कार्यालय, असा क्रम हवा.

घरं आणि नोकऱ्या यांचं प्रमाण किती असावं?

एखाद्या भागात नोकरदार रहिवासी जितके, तितक्याच नोकऱ्या असल्या की कागदावर समतोल होतो. तो पुरेसा नाही. तिथल्या नोकऱ्या संगणक अभियंत्यांच्या आणि घरं कारखाना कामगारांची असतील, तर प्रमाण एकास एक असूनही सकाळी दोन्ही बाजूंचे लोंढे एकमेकांना ओलांडून जातील. प्रमाण बघायचंच तर पगाराच्या गटांप्रमाणे आणि त्या पगारात परवडणाऱ्या घरांशी लावून बघावं.

या तफावतीचा फटका सर्वांत जास्त कुणाला बसतो?

ज्याला घर हलवता येत नाही त्याला. अर्थतज्ज्ञ जॉन केन यांनी 1968 मध्ये डेट्रॉइट आणि शिकागोचे आकडे मांडून दाखवलं की कारखाने उपनगरांकडे सरकत होते आणि घरांच्या बाजारातल्या भेदभावामुळे कृष्णवर्णीय कामगार त्यांच्यामागे जाऊ शकत नव्हते. नोकरी होती, पण पोहोचण्याच्या पलीकडे.

बायकांच्या बाबतीत हे आणखी खोल जातं. शाळेची वेळ, घरातली आजारपणं, अंधार पडण्याआधी परतणं, या सगळ्यात बसेल एवढ्याच अंतरावरची नोकरी अनेकींना धरता येते. त्या वर्तुळाबाहेर कितीही चांगली जागा निघाली तरी ती त्यांच्यासाठी नसल्यात जमा. प्रवासाच्या सरासरीत हे दिसत नाही, कारण जी बाई कामाला निघालीच नाही तिचा प्रवास कोणत्याही तक्त्यात नोंदला जात नाही.

मेट्रो बांधली की प्रश्न सुटतो का?

वस्ती आणि नोकऱ्या स्थानकांजवळ असतील तर. बेर्तो यांनी केलेली बार्सेलोना आणि अटलांटाची तुलना यासाठी नेहमी देण्यासारखी आहे. 1990 च्या सुमारास दोन्हींची लोकसंख्या 25 ते 28 लाखांच्या दरम्यान होती. पण बार्सेलोनाची वस्ती 162 चौरस किलोमीटरवर होती आणि अटलांटाची 4,280 चौरस किलोमीटरवर. बार्सेलोनात 99 किलोमीटरची मेट्रो होती आणि 60 टक्के लोक स्थानकापासून 600 मीटरच्या आत राहत होते. अटलांटातही 74 किलोमीटरची मेट्रो होती, पण 800 मीटरच्या आत राहणारे लोक होते अवघे 4 टक्के. बार्सेलोनाइतकी सोय द्यायची तर अटलांटाला सुमारे 3,400 किलोमीटरचे रूळ टाकावे लागले असते. ते कुठल्याच शहराला झेपणारं नाही.

घरून काम सुरू झाल्यावर हे सगळं जुनं झालं का?

काही प्रमाणात बदललं. 2020 नंतर अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या गाभ्यातून लोक बाहेर पडले, पण त्यातले बरेचसे त्याच महानगराच्या उपनगरांत गेले. रोज नाही, तरी आठवड्यातून दोन-तीनदा कार्यालयात जायचं असेल तर फार लांब जाता येत नाही. आणि घरून काम ही सवलत मुख्यतः संगणकावर काम करणाऱ्यांची आहे. परिचारिका, सफाई कामगार, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक यांना आजही कामाच्या जागीच हजर व्हावं लागतं.

आपल्या महानगराचा असा अभ्यास करायचा तर सुरुवात कुठून करावी?

प्रभागनिहाय लोकसंख्या आणि आस्थापनांची गणना, एवढ्यावर सुरुवात होते. केंद्र ठरवा, एकेक किलोमीटरची वलयं पाडा, प्रत्येक वलयातली माणसं आणि नोकऱ्या वेगवेगळ्या लिहा. सरासरी घनतेपेक्षा हा साधा तक्ता कितीतरी जास्त बोलतो. प्रभाग लहान-मोठे असतील तर निकाल हद्दींप्रमाणे हलतो, म्हणून शक्य तिथे समान चौकटी वापरा.

त्यानंतरची पायरी म्हणजे प्रत्येक वस्तीतून एका तासात किती नोकऱ्या गाठता येतात हे काढणं. वॉल्टर हॅन्सन यांनी 1959 मध्ये पोहोच मोजण्याची कल्पना मांडली, ती इथे कामी येते. हे मोजमाप बसने आणि पायी जाणाऱ्यासाठी वेगळं, स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यासाठी वेगळं करा. वेळ सकाळच्या गर्दीतली धरा, आणि थांब्यापर्यंतची चाल व बसची वाट पाहण्याची मिनिटंही त्यात मिळवा.